वेल्डिंग लागणे

इलेक्ट्रिक वेल्डिंगच्या आर्कमधून निघणाऱ्या अतिनील किरणांनी डोळ्याचे पारपटल, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, भाजणे. डॉक्टर याला ‘आर्क आय’ म्हणतात. अंबाजोगाईसारख्या गावात ऊसतोडीच्या हंगामाआधी ट्रॉल्यांची डागडुजी, एरवी ग्रील-गेटची कामे रस्त्याकडेलाच चालतात. त्यामुळे हा त्रास वेल्डरपुरता राहत नाही. पत्रा धरणारा हेल्पर, शेजारचा दुकानदार, थांबून बघणारी शाळकरी मुले यांनाही तो होतो.

किरण लागताना काहीच दुखत नाही, हीच खरी फसगत. पारपटलाच्या वरच्या थरातल्या पेशी मरून गळायला काही तास जातात, मग खालची चेतातंतूंची टोके उघडी पडतात. म्हणून दुपारी काम केलेला माणूस मध्यरात्री उठून बसतो. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी थांबत नाही, दिव्याकडे बघवत नाही. बहुधा एक ते तीन दिवसांत आराम पडतो आणि काम पुन्हा तसेच सुरू होते.

साध्या काळ्या गॉगलने भागत नाही. आर्कसाठी साधारण 10 ते 13 नंबरची काच असलेले हेल्मेट किंवा हातात धरायची ढाल लागते. गॅस वेल्डिंगची 5 नंबरची काच इथे चालत नाही. पुष्कळदा डोळे बिघडतात ते टाका मारताना: जॉइंट नीट दिसावा म्हणून कारागीर काच बाजूला करतो आणि नुसते डोळे बारीक करून रॉड टेकवतो. हेल्परलाही तीच काच हवी, आणि ती आणून देणे मालकाचेच काम आहे. रस्त्याच्या बाजूला पत्र्याचा आडोसा लावावा.

  धोका तेवढ्या दुखण्यापुरता नाही: आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने वेल्डिंगचे अतिनील किरण कर्करोगकारक ठरवले आहेत.  त्यांचा संबंध डोळ्यातल्या मेलॅनोमा या कर्करोगाशी आहे.

वेल्डिंग लागलेच तर मिटल्या डोळ्यांवर गार पाण्याची घडी ठेवावी. दूध किंवा बटाट्याचा रस डोळ्यांत घालू नये. बधिर करणारे थेंब मेडिकलमधून आणून घालत राहणे तर फारच घातक: दुखणे थांबते, पण पारपटल भरून येत नाही, उलट तिथे व्रण पडू शकतो. दोन दिवसांत उतार पडला नाही, तर 1974 पासून अंबाजोगाईत असलेल्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे ‘स्वाराती’च्या, नेत्रविभागात दाखवावे. एकच डोळा खुपत असेल तर थांबूच नये. तेव्हा डोळ्यात बहुधा ग्राइंडरमधून उडालेला कण असतो आणि तो काढावाच लागतो.