जुन्या वाड्याला सिमेंटचा गिलावा का मानवत नाही?

पावसाळा संपला आणि वाड्याची बाहेरची भिंत पोपडे टाकायला लागली, की सगळ्यांना आधी सिमेंटच आठवतं. एकदा पक्का गिलावा केला की दरवर्षीची कटकट मिटेल, असा हिशेब असतो. एक-दोन पावसाळे भिंत छान दिसतेही. मग गिलावा फुगतो आणि पडताना भिंतीची मातीही सोबत घेऊन येतो.

असं का होतं, ते समजण्यासाठी वाडा कसा बांधलेला आहे ते पाहावं लागेल. परतूर आज जालना जिल्ह्यात आहे, पण 1 मे 1981 ला हा जिल्हा होईपर्यंत हा तालुका परभणीत होता आणि 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात. या पट्ट्यातल्या जुन्या घरांची ठेवण साधारण सारखीच: खाली काळ्या दगडाचं जोतं, वर पांढऱ्या मातीत किंवा चुन्यात रचलेली जाड भिंत आणि डोक्यावर मातीचं माळवद.

भिंत पाणी पिते आणि सोडते

अशी भिंत पावसात थोडं पाणी शोषते, जमिनीतूनही ओल वर खेचते आणि ऊन पडलं की ती बाहेर सोडते. चुन्याचा गिलावा ही वाफ जाऊ देतो. सिमेंट आणि ऑइल पेंट तिला कोंडतात. कोंडलेली ओल भिंतीतले क्षार विरघळवते. ते पृष्ठभागाजवळ येऊन सुकतात, त्यांचे स्फटिक वाढतात आणि वीट-माती भुगा होऊन झडते. यालाच आपण लोणा लागला म्हणतो.

म्हणून गवंड्याला बोलावण्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधावं. पावसात छत्री घेऊन वाड्याभोवती एक फेरी मारली तरी बरंच कळतं. माळवदाची पन्हळ तुटून पाणी भिंतीवरून ओघळतंय का? रस्ता दरवेळी उंच होत गेल्यामुळे जोतं गाडलं गेलंय का? नळाचं सांडपाणी पायाशी मुरतंय का? मराठवाड्याची काळी माती भिजली की फुगते आणि सुकली की भेगाळते, त्यामुळे पायाशी पाणी मुरणं दुहेरी वाईट. दगडांच्या सांध्यांत उगवलेलं पिंपळ-उंबराचं रोप कोवळं असतानाच मुळासकट काढावं. नुसतं छाटलं तर ते पुन्हा फुटतं.

दुरुस्ती चुन्यानेच करावी. कळीचा चुना पाण्यात पुरेसा विरवून घ्यायचा आणि एक भाग चुन्याला अडीच-तीन भाग वाळू धरायची. थोडी सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, मिसळली तर ओलीच्या जागी माल चांगला धरतो. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू घट्ट होतो. एप्रिल-मेच्या उन्हात तो घट्ट होण्याआधीच सुकतो आणि तडकतो. दिवाळीनंतरचे थंडीचे महिने या कामाला उत्तम, तरीही भिंतीवर काही दिवस पाणी शिंपडत राहावं लागतं. लाकडी चौकटी आणि खांबांना चकचकीत रंगापेक्षा जवसाचं तेल बरं.

सगळ्यात मोठा धोका डोक्यावर

गळतं म्हणून माळवदावर दर उन्हाळ्यात नवी माती टाकली जाते, पण जुनी काढली जात नाही. दहा बाय दहाच्या खोलीवर एक फूट मातीचा थर असेल, तर कोरडी असतानाच तिचं वजन साधारण साडेचार टन भरतं. पावसात भिजली की आणखी. हे ओझं काय करतं, ते 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दिसलं. लातूर-धाराशिव भागात जाड दगडी भिंती आणि वरची मातीची छतं कोसळून हजारो माणसं गाडली गेली.

तेव्हा बाहेरून गिलावा करण्याआधी माळवद पाहून घेणं शहाणपणाचं. नवी माती टाकायचीच असेल, तर आधी तेवढी जुनी उतरवावी. तुळयांची भिंतीत गेलेली टोकं ओलीने कुजतात आणि वाळवीही तिथेच लागते, म्हणून ती टोकरून पाहावीत. तुळई वाकलेली किंवा भिंत पोटात फुगलेली दिसली तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय वर माणसं चढवू नयेत. आणि छताची नवी पन्हळ भिंतीपासून हातभर तरी पुढे काढावी, नाहीतर पुढच्या पावसात ओघळ पुन्हा त्याच जागी येतील.