डेस्कटॉप संगणकाच्या सुट्या भागांची निवड

डेस्कटॉप संगणकाच्या सुट्या भागांची निवड म्हणजे प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, साठवण, वीजपुरवठा एकक (एसएमपीएस) आणि कॅबिनेट हे घटक स्वतंत्रपणे निवडून, ठरावीक खर्चात अपेक्षित कामासाठी जास्तीत जास्त कार्यक्षम संगणक जुळवण्याची प्रक्रिया होय. अशा संगणकास बोलीभाषेत ‘असेंबल्ड संगणक’ म्हणतात. अभियांत्रिकी आरेखन, त्रिमितीय चित्रण, चित्रफीत संपादन, यंत्र शिक्षण आणि संगणकीय खेळ ही अशा संगणकाची प्रमुख उपयोगक्षेत्रे आहेत.

संगणकाचा एकूण वेग त्या-त्या कामातील सर्वांत संथ घटकावर अवलंबून असतो. त्यामुळे एकाच महागड्या भागावर खर्च करण्यापेक्षा भागांमधील समतोल साधणे हे निवडीचे मूलतत्त्व मानले जाते. हा समतोल संगणक कोठे वापरला जाणार यावरही ठरतो. अतिवृष्टी, दमट हवा, पूर आणि खंडित वीजपुरवठा अनुभवणारे रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर तालुके हे याचे ठळक उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

आयबीएम कंपनीने १९८१ मध्ये बाजारात आणलेला वैयक्तिक संगणक मुख्यतः इतर उत्पादकांकडून सहज मिळणाऱ्या भागांपासून बनवला होता. त्याची रचना खुली असल्यामुळे इतर कंपन्यांना सुसंगत भाग बनवता आले. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे प्रमाण जाहीर केले. त्यामुळे मदरबोर्ड, कॅबिनेट व एसएमपीएस यांची मापे व जोडण्या एकसारख्या झाल्या आणि वेगवेगळ्या उत्पादकांचे भाग एकत्र जोडणे सोपे झाले.

बाजारात उपलब्ध घटकांपासून मर्यादित निधीत उच्च क्षमता मिळवण्याचे महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण महासंगणकाचे आहे. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला. त्यात एकच अतिशक्तिशाली प्रोसेसर घडवण्याऐवजी इनमॉस कंपनीचे तयार ट्रान्सप्युटर समांतर जोडण्यात आले होते.

कामानुसार प्राधान्यक्रम

निवडीची सुरुवात भागांच्या यादीने न होता कामाच्या स्वरूपाने होते. प्रोग्रामिंग, कार्यालयीन काम व साधे द्विमितीय आरेखन यांसाठी प्रोसेसरमध्येच अंतर्भूत असलेली ग्राफिक्स सुविधा पुरेशी ठरते. अशा वेळी स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचा खर्च टाळून ती रक्कम रॅम व साठवणीकडे वळवता येते. त्रिमितीय चित्रण, यंत्र शिक्षण आणि खेळ यांत मात्र ग्राफिक्स कार्ड हाच निर्णायक घटक असतो. महाडच्या उत्तरेस माणगाव तालुक्यातील लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. तेथील स्थापत्य शाखेचा विद्यार्थी आणि संगणक शाखेचा विद्यार्थी यांच्या गरजा एकच रक्कम हाताशी असूनही वेगळ्या असू शकतात.

पडद्याचे पृथक्करण हाही महत्त्वाचा निकष आहे. १९२० × १०८० पडद्यावर सुमारे २० लाख ७४ हजार, २५६० × १४४० पडद्यावर सुमारे ३६ लाख ८६ हजार, तर ३८४० × २१६० पडद्यावर सुमारे ८२ लाख ९४ हजार चित्रबिंदू असतात. पहिल्या पडद्याऐवजी तिसरा घेतल्यास ग्राफिक्स कार्डाला प्रत्येक चौकटीत चौपट चित्रबिंदू रंगवावे लागतात. म्हणून मॉनिटर व ग्राफिक्स कार्ड यांचा विचार एकत्रितपणे केला जातो.

प्रमुख घटक

प्रोसेसर व मदरबोर्ड : प्रोसेसर ज्या खाचेत बसतो ते सॉकेट दोहोंचे सारखे असणे बंधनकारक आहे. एएमडीचे एएम४ सॉकेट २०१६ मध्ये, तर एएम५ हे २०२२ मध्ये आले. एएम५ वर केवळ डीडीआर५ रॅम चालते. इंटेलच्या २०२१ मधील एलजीए १७०० सॉकेटसाठी डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारचे मदरबोर्ड निघाले, मात्र एका मदरबोर्डावर सामान्यतः एकच प्रकार बसतो. पुढे प्रोसेसर बदलण्याची शक्यता असल्यास सॉकेटचे उर्वरित आयुष्य किमतीइतकेच महत्त्वाचे ठरते.

रॅम : एकूण क्षमता समान असली तरी एका पट्टीऐवजी दोन पट्ट्या वापरल्यास विदा वाहून नेण्याची कमाल क्षमता दुप्पट होते. उदाहरणार्थ, ५६०० मेगाट्रान्स्फर वेगाच्या एका डीडीआर५ पट्टीची सैद्धांतिक क्षमता सेकंदाला ४४.८ जीबी असते; दोन मार्गांवर ती ८९.६ जीबी होते. अंतर्भूत ग्राफिक्स वापरणाऱ्या संगणकात हा फरक विशेष जाणवतो, कारण तेथे ग्राफिक्सदेखील याच रॅमवर चालते.

साठवण : ७२०० फेऱ्यांच्या हार्ड डिस्कचा वाचनवेग सेकंदाला साधारण १५० ते २५० एमबी असतो. साटा एसएसडी सुमारे ५५० एमबीपर्यंत पोहोचते, तर पीसीआयई ४.० प्रकारच्या वेगवान एनव्हीएमई एसएसडी ७,००० एमबीपर्यंत जातात. दैनंदिन कामात सर्वांत मोठा फरक हार्ड डिस्कवरून एसएसडीकडे जाताना पडतो. एका एसएसडीवरून दुसऱ्या वेगवान एसएसडीकडे जाताना तो तुलनेने कमी असतो. म्हणून मर्यादित खर्चात मध्यम वेगाची पण जास्त क्षमतेची एसएसडी घेणे बहुधा श्रेयस्कर ठरते.

एसएमपीएस : हा भाग संगणकाचा वेग वाढवत नाही, त्यामुळे काटकसरीची पहिली कुऱ्हाड अनेकदा त्याच्यावरच पडते. परंतु निकृष्ट एसएमपीएस बिघडल्यास मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड व साठवण यांनाही इजा पोहोचू शकते. ‘८० प्लस’ हे प्रमाणन कार्यक्षमता दर्शवते. त्याच्या मूळ दर्जासाठी २०, ५० व १०० टक्के भारावर किमान ८० टक्के कार्यक्षमता लागते. ते संरक्षक मंडलांची ग्वाही देत नाही, म्हणून अतिदाब, अतिप्रवाह व लघुमंडल यांपासूनचे संरक्षण स्वतंत्रपणे तपासावे लागते.

खर्चाची विभागणी

खेळ किंवा त्रिमितीय कामासाठीच्या, मॉनिटर वगळून केलेल्या जुळणीत खर्चाची विभागणी उदाहरणादाखल पुढीलप्रमाणे करता येते : ग्राफिक्स कार्ड ३३ टक्के, प्रोसेसर १८, मदरबोर्ड १२, रॅम १०, एसएसडी ८, एसएमपीएस ७, कॅबिनेट व पंखे ५ आणि यूपीएस व वीजसुरक्षा ७ टक्के. रॅम व एसएसडी यांचे भाव जागतिक पुरवठ्यानुसार झपाट्याने बदलत असल्याने हे प्रमाण कायम राहत नाही. बहुतेक सुट्या भागांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. किमतींची तुलना करासहित करणे आवश्यक असते.

महाड व पोलादपूर परिसरातील विशेष बाबी

महाड हे सावित्री व गांधारी नद्यांच्या काठी वसलेले आहे, तर पोलादपूर सह्याद्रीच्या पायथ्याशी, आंबेनळी व कशेडी घाटांच्या तोंडाशी आहे. या भागात पावसाळ्यात सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या घरात जातो.

उष्णता : हवेने थंड होणाऱ्या प्रोसेसरचे तापमान ढोबळमानाने खोलीच्या तापमानात भर पडून ठरते. वातानुकूलित खोलीत २३ अंशांना घेतलेल्या चाचणीत ७५ अंश दाखवणारा प्रोसेसर ३८ अंशांच्या खोलीत ९० अंशांच्या आसपास जाऊ शकतो. मर्यादा ओलांडल्यावर तो स्वतःचा वेग कमी करतो, म्हणजेच वेगासाठी मोजलेले पैसे वाया जातात. त्यामुळे काचेच्या बंद दर्शनी भागाऐवजी जाळीदार दर्शनी भाग व धूळगाळणी असलेले कॅबिनेट उपयुक्त ठरते.

आर्द्रता : दमट हवेत धुळीचा थर ओलावा धरून ठेवतो आणि धातूच्या जोडण्या गंजतात. संगणक भिंतीला चिकटून किंवा थेट जमिनीवर न ठेवणे, पावसाळ्यात तो दीर्घकाळ बंद न ठेवणे आणि मोकळ्या खाचा झाकणे हे उपाय केले जातात. जाळीमुळे मुंग्या व पालींचा शिरकावही रोखला जातो. उष्ण जागेच्या शोधात आत शिरलेली पाल लघुमंडलास कारण ठरू शकते.

वीज : घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा असतो. वादळी पावसात तारांवर झाडे पडून तो खंडित होतो. यूपीएसची क्षमता व्होल्ट-अँपिअरमध्ये दिली जाते. तिला शक्तिगुणकाने गुणल्यास वॅट मिळतात. ०.६ शक्तिगुणकाचा ६०० व्होल्ट-अँपिअरचा यूपीएस ३६० वॅट देतो. प्रोसेसर ८८, ग्राफिक्स कार्ड ११५ व इतर भाग ५० वॅट घेत असल्यास आतील भार २५३ वॅट होतो. ८५ टक्के कार्यक्षमतेच्या एसएमपीएसमुळे तो बाहेरून सुमारे २९८ आणि ३० वॅटच्या मॉनिटरसह ३२८ वॅट होतो. म्हणजे ६०० व्होल्ट-अँपिअरच्या यूपीएसवर जेमतेम ३२ वॅटची सवड उरते. १,००० व्होल्ट-अँपिअरचा यूपीएस येथे सुरक्षित पर्याय आहे. यूपीएसचा हेतू तासन्‌तास काम चालू ठेवणे हा नसून काम जतन करून संगणक व्यवस्थित बंद करण्याइतका वेळ मिळवणे हा असतो.

विजांपासून संरक्षणासाठी योग्य अर्थिंग आवश्यक असते. कोरड्या, खडकाळ जमिनीत अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणून पावसाळ्यापूर्वी त्याची तपासणी करून घेतली जाते. विजा चमकत असताना संगणकाबरोबरच इंटरनेटची तांब्याची तारही काढून ठेवणे हितावह असते, कारण विद्युतदाबाचा धक्का त्या मार्गानेही येतो.

पूर : २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत तसेच २२ जुलै २०२१ रोजी महाड शहरात पुराचे पाणी शिरले, २०२१ च्या पुरात अनेक घरांचे व दुकानांचे तळमजले पाण्याखाली गेले. अशा ठिकाणी संगणक शक्यतो वरच्या मजल्यावर ठेवला जातो. भाग पुन्हा विकत घेता येतात, पण प्रबंध, हिशेब व छायाचित्रे परत मिळत नाहीत. म्हणून महत्त्वाच्या विदेच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर व त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी ठेवण्याचा प्रघात येथे विशेष उपयुक्त आहे. यासाठीच्या बाह्य डिस्कचा खर्च सुरुवातीच्या अंदाजपत्रकातच धरला जातो.

खरेदी व हमी

मुंबईतील ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ही राज्यातील सुट्या भागांची सर्वांत परिचित बाजारपेठ आहे. महाडहून मुंबईला राष्ट्रीय महामार्ग ६६ वरून किंवा कोकण रेल्वेच्या वीर स्थानकावरून जाता येते. पुण्याला भोरमार्गे जाणारा वरंध घाट पावसाळ्यात अनेकदा वाहतुकीस बंद ठेवला जातो. शहरातील दुकान किंवा ऑनलाइन विक्रेता यांच्याकडे भाग स्वस्त मिळाला तरी बिघाड झाल्यास तो पाठवण्याचा खर्च आणि काम बंद राहण्याचा काळ हिशेबात धरावा लागतो. त्यामुळे काही ग्राहक सहज खराब होऊ शकणारे यूपीएस व मॉनिटरसारखे जड भाग स्थानिक विक्रेत्याकडून, तर प्रोसेसर व रॅम बाहेरून घेतात.

प्रत्येक भागाचे अनुक्रमांकासह पक्के बिल घेणे हमीसाठी आवश्यक असते. जुळणी पूर्ण झाल्यावर हमीचा किंवा बदलून घेण्याचा कालावधी चालू असतानाच पूर्ण भारावर चाचणी घेऊन तापमान, रॅमचा नोंदलेला वेग व एसएसडीची खरी क्षमता तपासली जाते. रॅमचा जाहिरातीतील वेग बहुतेक वेळा बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो हा पर्याय सुरू केल्यावरच मिळतो.