कॅन्सर झालेल्या माणसानं बोलायचं कुठं?

आपल्या बारामती-इंदापूर भागात कुणाला कॅन्सर निघाला की घरातली भाषाच बदलते. "गाठ निघालीय", "जरा मोठा आजार आहे", "टाटाला नेलंय" असं बोललं जातं. कॅन्सर हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. पेशंटलाही नीट सांगत नाहीत, आणि त्याला तर सगळं कळलेलं असतं! घरच्यांना त्रास नको म्हणून तो गप्प, त्याला त्रास नको म्हणून घरचे गप्प. भेटायला येणारे "काही होत नाही, धीर धरा" म्हणतात, चहा पितात आणि जातात. ऑपरेशनला किती लागले, केमोला किती लागणार, याचा हिशोब होतो. रात्री झोप लागते का, हे कुणी विचारत नाही.

यावर एक उपाय आता मोबाईलवर आलाय. आठ-दहा पेशंट ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉलवर एकत्र येतात, सोबत एक प्रशिक्षित समुपदेशक असतो, आणि तास-दीड तास मनातलं बोलतात. याला ऑनलाइन ग्रुप थेरपी म्हणतात. ऐकून कुणाला हे शहरातलं फॅड वाटेल. पण याला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे, आणि त्यातली काही पानं आपल्या शेजारचीच आहेत.

सुरुवात गरिबीतून झाली. १९०५ साली अमेरिकेत बोस्टनला डॉ. जोसेफ प्रॅट यांनी क्षयाच्या गरीब पेशंटांचा आठवड्याचा वर्ग सुरू केला. या लोकांना सॅनेटोरियम परवडत नव्हतं, म्हणून घरच्या घरी विश्रांती, मोकळी हवा आणि आहार कसा सांभाळायचा हे सगळ्यांना एकत्र शिकवायचं, एवढाच हेतू. पण एकाच आजाराची माणसं एकत्र बसली की एकमेकांना उभारी देतात, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं. ग्रुप थेरपीचा इतिहास सांगताना पहिलं नाव त्यांचंच घेतात.

आपल्याकडे लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या. पुढे टाटांच्या ट्रस्टनं परळला हॉस्पिटल बांधलं, ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. तेव्हापासून महाराष्ट्राच्या गावागावातून माणसं परळची वाट चालतायत. औषध हॉस्पिटलात मिळतं, पण बोलणं कुठं होतं? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जाऊन बघा. तिथं कॅन्सरचे पेशंट आणि नातेवाईक उतरतात. "तुमची कितवी केमो?" इथून ओळख होते आणि संध्याकाळपर्यंत दोन घरं एकमेकांची होतात. त्याला कुणी थेरपी म्हणत नाही, पण काम तेच होतं.

आता आपल्या जवळचं. इंदापूरहून टेंभुर्णी, कुर्डुवाडी ओलांडलं की बार्शी. तिथं १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. नोंदणीची माणसं गावोगाव फिरली, लोकांना एकत्र बसवून कॅन्सरवर उघड बोलली. परिणाम असा झाला, की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर तपासणीला येऊ लागल्या. पारावर तो शब्द उच्चारला गेला, एवढ्यानं फरक पडला.

पुण्यात त्याच्या आदल्याच वर्षी, १९८६ ला, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. गटात बसून खरं बोलणं हा तिथल्या उपचाराचा कणा. स्वतः अनिताताईंना कॅन्सर झाला, तरी त्या काम करत राहिल्या. १९९७ ला त्या गेल्या. म्हणजे अनोळखी माणसांपुढे मराठीतून मन मोकळं करणं आपल्याला जमत नाही, असं कुणी म्हणू नये. दारू सोडणाऱ्याला जमलं, तर कॅन्सरच्या पेशंटला का नाही?

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. १९८९ साली डॉ. डेव्हिड स्पीगल यांनी स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या ८६ स्त्रियांचा अभ्यास छापला. गटात बसणाऱ्या स्त्रिया सरासरी दीड वर्ष जास्त जगल्या, असा त्याचा निष्कर्ष. जगभर गाजावाजा झाला. मग २००१ साली कॅनडात २३५ स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला. त्यात आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. मात्र मनाचा त्रास कमी झाला, दुखणंही कमी जाणवलं, आणि ज्या सुरुवातीला जास्त खचलेल्या होत्या त्यांना जास्त फायदा झाला. तेव्हा गटानं कॅन्सर बरा होतो असं कुणी सांगितलं तर सरळ उठून या. औषधोपचार चालूच ठेवायचे. गट आयुष्य वाढवत नाही, पण हातात असलेले दिवस हलके करतो. तेवढंही थोडं नाही.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. केमोमुळे प्रतिकारशक्ती कमी झालेल्या पेशंटांना घराबाहेर पडायची भीती. त्याच आठवड्यात केंद्र सरकारनं डॉक्टरांनी फोन-व्हिडिओवर कसं तपासावं याचे नियम काढले. गटांच्या बैठकाही स्क्रीनवर गेल्या. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ ही 'टेलिमानस' हेल्पलाइन आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पण तिथं आपण आणि समुपदेशक दोघंच. आपल्यासारखा दुसरा पेशंट भेटत नाही.

बारामतीकरांना २००४ आठवत असेल. शरद पवार साहेबांचं तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. पुढे ते सभांमधून त्यावर आणि स्वतःच्या सवयीवर उघड बोलले. राजकारण बाजूला ठेवा, हे बोलणं मोलाचं होतं. पण मोठ्या माणसाला स्टेज असतं. निमगाव केतकीच्या किंवा सुप्याच्या बाईनं स्तन काढल्यावर कुणाशी बोलायचं? आठवड्याला पुण्याच्या बैठकीला जायचं म्हटलं तर एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी आणि अंगातला थकवा. म्हणून ऑनलाइन गटाची खरी गरज आपल्यालाच आहे. तोंडाच्या ऑपरेशननंतर ज्याला बोलता येत नाही, तोही तिथं टाइप करून सांगू शकतो.

फक्त तो नीट चालायला हवा. व्हॉट्सॲपचा ग्रुप म्हणजे ग्रुप थेरपी नव्हे. तिथं एकजण झाडपाल्याचा फॉरवर्ड टाकतो, दुसरा 'भावपूर्ण श्रद्धांजली'. गट मराठीत हवा, छोटा हवा, माणसं ठरलेली हवीत, समुपदेशक शिकलेला हवा, आणि तिथलं बोलणं बाहेर जाता कामा नये. आणखी एक अडचण आहे: घरात मोबाईल एकच, तोही पोराच्या हातात, शेजारी सासू बसलेली. त्या बाईनं काय बोलावं? म्हणून प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून दोन तास एक बंद खोली, एक टॅब आणि चांगलं नेट द्यावं. बारामतीत २०१९ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. त्यांनी पुढाकार घ्यावा, ग्रामपंचायतींनी साथ द्यावी. यासाठी इमारत बांधायची नाही, टेंडर काढायचं नाही. येत्या ग्रामसभेत एवढा एक ठराव तरी मांडू.

आणि तोपर्यंत? तुमच्या घरात, भावकीत कुणी पेशंट असेल तर आज जाऊन बसा. "धीर धरा" म्हणू नका. "कसं वाटतंय?" विचारा, आणि मग गप्प बसून ऐका.