मादी डुक्कर धडधाकट, मग पिल्लांना जंत कुठून?

वराहपालनात एक प्रश्न नेहमी येतो. मादी नीट खाते, तिला जुलाब नाहीत, तरी तिच्या पिल्लांची वाढ का खुंटते? उत्तर अनेकदा मादीच्याच पोटात असते. मोठ्या डुकराला थोडे जंत सहज सोसतात. लक्षणे दिसत नाहीत, पण विष्ठेतून अंडी पडत राहतात.

कोणते जंत?

सर्वात मोठा म्हणजे गोल जंत, आस्कॅरिस सूम. त्याची मादी २० ते ४० सेंटीमीटर लांब असते आणि दिवसाला लाखभराहून अधिक अंडी घालू शकते. अंडी जमिनीवर काही आठवडे राहिली की संसर्ग करण्याजोगी होतात. ती पोटात गेली की अळ्या आधी यकृतात, मग फुप्फुसात जातात. तिथून खोकल्यावाटे घशात येऊन गिळल्या जातात आणि आतड्यात मोठ्या होतात. म्हणूनच काही पिल्ले खोकतात आणि कत्तलीनंतर यकृतावर पांढरे डाग दिसतात.

मोठ्या आतड्यातला गाठी करणारा जंत प्रौढ माद्यांत जास्त आढळतो. त्याने मादी बारीक होते. चाबकासारख्या जंताने रक्तमिश्रित जुलाब होऊ शकतात. स्ट्राँगिलॉइड्स हा बारीक जंत तर चिकातून आणि दुधातूनच पिल्लांत जातो.

पिल्लांपर्यंत कसे पोहोचतात?

गोल जंताची अंडी चिकट असतात. शेडमध्ये आधीपासून पडलेली, तयार झालेली अंडी मादीच्या आचळांना चिकटतात आणि पिल्लू पहिल्या घोटाबरोबर ती गिळते. ही अंडी मातीत अनेक वर्षे टिकतात. नेहमीच्या जंतुनाशकांना ती दाद देत नाहीत. वाफ, खूप गरम पाणी, कडक ऊन आणि कोरडेपणा यांचा मात्र उपयोग होतो.

काय करावे?

• विण्याच्या साधारण एक-दोन आठवडे आधी मादीला जंतनाशक द्यावे. फेनबेंडाझोल व आयव्हरमेक्टिन ही प्रचलित औषधे आहेत, पण प्रत्येक औषध प्रत्येक जंतावर सारखे चालत नाही. निवड आणि मात्रा पशुवैद्यकाने ठरवावी.
• विण्याच्या जागेत नेण्यापूर्वी मादीला, विशेषतः आचळांना, साबणाच्या पाण्याने धुवावे.
• जागा खरवडून, धुऊन पूर्ण वाळवावी. घाण तशीच ठेवून औषध दिले, तर जंत पुन्हा होतात.
• विष्ठेची तपासणी करून घ्यावी. मात्र गोल जंताची अंडी विष्ठेत दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, त्यामुळे कोवळ्या पिल्लांचा अहवाल स्वच्छ आला तरी संसर्ग नाही असे मानू नये.
• औषध दिल्यावर ठरलेला काळ संपेपर्यंत ते जनावर कत्तलीला पाठवू नये.

साधारण पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पिल्लांना पिवळट, पातळ जुलाब झाले तर कॉक्सिडिया या एकपेशीय परजीवीची शंका घ्यावी. त्यावर जंतनाशक चालत नाही.

माणसाला धोका आहे का?

आहे. आस्कॅरिस सूम माणसालाही होऊ शकतो. शेडमध्ये काम केल्यावर हात धुवावेत आणि कच्ची विष्ठा भाजीच्या वाफ्यात टाकू नये. डुकराच्या मांसातून येणारा पट्टकृमी हा वेगळा आजार आहे. डुकराला त्याची बाधा माणसाच्या विष्ठेतून होते. म्हणून घरी शौचालय हवे आणि मांस नीट शिजवलेले हवे.