नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठी भाषेत 'नाव ठेवणे' म्हणजे नामकरण करणे आणि 'नावे ठेवणे' म्हणजे दोष काढणे. एकवचनाचे अनेकवचन होताच मंगल संस्काराची निंदा होते. बारशाच्या दिवशी या दोन्ही क्रिया एकाच छपराखाली, पुष्कळदा एकाच तोंडून घडतात. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, तिच्या पाठीत धपाटे बसतात, घुगऱ्या वाटल्या जातात आणि ओटी घेऊन घरी निघालेल्या बायका उंबऱ्याबाहेर पडताच म्हणतात, "हे कसले बाई नाव!" हा उद्गार किरकोळ वाटतो, परंतु मराठी समाजाने कोणत्या नावांना नाक मुरडले आणि कोणती नावे डोक्यावर घेतली, हे पाहू लागले म्हणजे त्या समाजाच्या अंतरंगाचा मोठा इतिहास उलगडू लागतो.

नाव कसे असावे याचे नियम आपल्याकडे फार जुने आहेत. मुलाच्या नावात समसंख्य अक्षरे असावीत, मुलीच्या नावात विषमसंख्य, असे गृह्यसूत्रे सांगतात. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणासाठी दहावा किंवा बारावा दिवस सुचविला आहे. आपल्या 'बारसे' या शब्दात तोच बारावा दिवस आहे. मुलीचे नाव उच्चारण्यास सोपे, क्रूर अर्थ नसलेले, मनोहर आणि दीर्घान्त असावे, असेही तेथे म्हटले आहे. तिसऱ्या अध्यायात तर नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी यांचे नाव धारण करणारी मुलगी वधू म्हणून वर्ज्य ठरविली आहे. मराठी माणसाने हा निषेध कधीच मनावर घेतला नाही. गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, नर्मदा ही नद्यांची, रोहिणी, रेवती ही नक्षत्रांची आणि तुळसा हे झाडाचे नाव आपल्या घराघरांत नांदत आले. पोथी एक सांगत होती आणि पाळण्याची दोरी दुसरेच बोलत होती.

मात्र त्याच दुसऱ्या अध्यायातला एक नियम समाजाने फार कसोशीने पाळला. ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे जुगुप्सित, म्हणजे किळस आणणारे असावे, असा तो नियम. नाव ही केवळ हाक नसून जन्मतःच कपाळावर मारलेला शिक्का असू शकतो, याची ही उघड कबुली आहे.

येथे एक गुंता सोडवून पाहिला पाहिजे. अमंगल अर्थाची नावे केवळ तथाकथित खालच्या जातींतच होती असे नाही. पाठोपाठची मुले दगावू लागली की पुढचे मूल जगावे म्हणून त्याला मुद्दाम हीन नाव देण्याची चाल सर्व जातींत होती. मूल उकिरड्यावर ठेवून परत उचलावे, सुपात घालून ओढावे, पसाभर धान्याला दुसऱ्याकडून 'विकत' घ्यावे, नाक टोचून मुलाला मुलगी भासवावे, असे अनेक उपाय केले जात. त्यांतूनच केरू, कचरू, उकर्डा, दगडू, धोंडू, भिकू, नथू ही नावे आली. ज्याची कोणाला असूया वाटणार नाही, त्याच्याकडे मृत्यूही ढुंकून पाहणार नाही, हा त्यामागचा भाबडा हिशेब होता. देवी आणि पटकी यांनी घरेच्या घरे ओस पडत होती, त्या काळात आईबापांच्या हाती याहून दुसरे औषध तरी कोणते होते?

या नावांनी माणसे खुजी झाली नाहीत. विनायक लक्ष्मण छत्रे (१८२५–१८८४) हे थोर गणिती आणि ज्योतिर्विद महाराष्ट्राला 'केरूनाना' म्हणूनच ठाऊक आहेत. डेक्कन कॉलेजात लोकमान्य टिळकांना गणित शिकविणारे ते हेच. सत्तावनच्या स्वातंत्र्यसमरातील नानासाहेब पेशव्यांचे नाव धोंडोपंत होते. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचून १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन करणारे आणि १९५८ साली भारतरत्न झालेले महर्षी कर्वे हेही धोंडो केशवच. १०४ वर्षांचे आयुष्य लाभलेल्या या पुरुषाच्या नावात धोंडा आहे, याचा विचारही आज कोणाच्या मनात येत नाही. कर्तृत्वाने नावाचा अर्थ पुसून टाकला.

परंतु शब्द एकच असला तरी तो कोणाच्या तोंडून निघतो यावर त्याचे वजन ठरते. धोंडोपंत आणि धोंड्या यांच्यामध्ये केवळ प्रत्ययाचे अंतर नाही. गावकुसाचे अंतर आहे. एकाच्या नावामागे 'पंत' जोडला गेला, दुसऱ्याच्या नावाला तुच्छतेचा 'या' चिकटला. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या 'बलुतं' या आत्मकथनात दगडू मारुती पवार हा दया पवार यांना आपली कहाणी सांगतो. हे दोघे एकच आहेत. लेखक म्हणून प्रतिष्ठा पावलेल्या माणसाला आपलेच जुने नाव समोर बसवून त्याच्याशी बोलावे लागते, ही केवळ लेखनाची युक्ती नव्हे. ती एका समाजाच्या दुभंगलेल्या अनुभवाची नोंद आहे.

म्हणूनच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह घेतलेल्या धम्मदीक्षेचा एक परिणाम पाळण्यापाशी दिसू लागला. सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद, संघमित्रा, प्रज्ञा अशी नावे वस्त्यावस्त्यांतून ऐकू येऊ लागली. जुन्या वळणाच्या गावकऱ्यांच्या कानांना ती खटकणारच होती. 'धोंड्या' म्हणण्याची सवय झालेल्या जिभेला 'सिद्धार्थ' म्हणणे जड जाते, ते केवळ जोडाक्षरामुळे नव्हे. या नावाचा उच्चार करताना आपण माणसाला माणूस म्हणून हाक मारीत आहोत, हे कबूल करावे लागते. पुढे हीच नावे सर्व जातींच्या घरांत आनंदाने ठेवली गेली. ज्या नावांना एका पिढीने नावे ठेवली, तीच पुढच्या पिढीने आपल्या बाळांना ठेवली.

परधर्मीय वा परदेशी नावाच्या बाबतीतही समाजाचे वर्तन असेच पाहण्याजोगे आहे. मालोजीराजे भोसल्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पिरास नवस केला आणि झालेल्या पुत्रांची नावे त्यांच्या नावावरून शहाजी व शरीफजी अशी ठेवली, अशी परंपरा आहे. पिराचे हे नाव मराठी मनाने असे आपलेसे केले, की शहाजी हे अस्सल मराठमोळे नाव नव्हे असे कोणी म्हटले तर ऐकणाराच चकित होईल. नवसातून, भक्तिभावाने आलेले नाव समाजाने पोटात घेतले.

याउलट ग्वाल्हेरची कथा. माधवराव महाराज शिंदे यांनी ब्रिटिश सम्राट पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांच्या सन्मानार्थ आपल्या कन्येच्या नावाला 'मेरी' आणि १९१६ साली जन्मलेल्या पुत्राच्या नावाला 'जॉर्ज' जोडले. मेरी कमलाराजे आणि जॉर्ज जिवाजीराव ही नावे म्हणजे राजनिष्ठेची जाहीर खूण होती. संस्थानिकाला सार्वभौम सत्तेची मर्जी सांभाळणे किती निकडीचे वाटत असेल, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या नावांचे नवल वाटत नाही. परंतु प्रजेने काय केले? तिने त्या नावांविरुद्ध सभा घेतल्या नाहीत. तिने ती निम्मी नावे उच्चारलीच नाहीत. लोकांच्या मुखी राहिले ते जिवाजीराव आणि कमलाराजे. १९६४ साली ग्वाल्हेरला विद्यापीठ निघाले, तेही 'जिवाजी विद्यापीठ' या नावाने. समाजाच्या नापसंतीचा हा सर्वांत सभ्य आणि सर्वांत परिणामकारक प्रकार म्हटला पाहिजे.

स्त्रियांच्या नावांची कथा आणखी निराळी आहे. त्यांचे बारसे दोनदा होई. एकदा पाळण्यात आणि एकदा लग्नमंडपात. मोरोपंत तांब्यांची मनकर्णिका झाशीला लक्ष्मीबाई झाली. रमाबाई रानडे आणि डॉ. आनंदीबाई जोशी या दोघींचेही माहेरचे नाव यमुना. महर्षी कर्व्यांशी १८९३ साली पुनर्विवाह करणाऱ्या गोदूबाईही आनंदीबाई झाल्या. माहेरच्या या नद्या सासरच्या उंबऱ्याशी लुप्त होत आणि त्याबद्दल कोणी हळहळही व्यक्त करीत नसे.

आणि काही नावे तर पाळण्यातच शाप होऊन येतात. मुलीच मुली झाल्या म्हणून शेवटच्या मुलीला 'नकुशा' म्हणजे नकोशी असे नाव देण्याची चाल महाराष्ट्राच्या काही भागांत होती. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात एका समारंभात अशा २८० हून अधिक मुलींना नवी नावे देण्यात आली. केरू आणि नकुशा ही दोन्ही नावे वरकरणी एकाच कुळातली वाटतात. परंतु 'केरू' म्हणणाऱ्या आईला ते मूल हवे होते, म्हणून ती मृत्यूला फसवीत होती. 'नकुशा' म्हणणारे घर मुलीला तिच्या तोंडावर नकार सांगत होते. नावाचा अर्थ कोशात पाहून कळत नाही, तो नाव ठेवणाऱ्याच्या हेतूत पाहावा लागतो.

तेव्हा बारशाहून परतताना एखादे नाव कानाला विचित्र वाटले, तर ओठांवर आलेला उद्गार क्षणभर थांबविण्यास हरकत नाही. ते नाव एखाद्या आईच्या भीतीतून आले असेल, एखाद्या समाजाच्या आत्मसन्मानातून आले असेल किंवा एखाद्या घराच्या निष्ठुरपणातून. पहिल्याला सहानुभूती द्यावी, दुसऱ्याला आदराने, संपूर्ण उच्चाराने हाक मारावी, आणि तिसरे मात्र सातारच्या त्या मुलींप्रमाणे निःसंकोच बदलावे. ज्या बाळाला त्या नावानिशी आयुष्य काढायचे असते, त्याला बारशाच्या दिवशी कोणीच काही विचारलेले नसते, एवढे स्मरणात ठेवले तरी पुरे.