'मूकनायक' ते मोबाईल: मुके कोणी ठरवले?

31 जानेवारी 1920 रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले. या पाक्षिकाची पैसे देऊन जाहिरातसुद्धा 'केसरी'ने छापली नाही. अस्पृश्यांना वाचा होती, पण छापखान्यांची दारे बंद होती. मुकेपण लादले जाते, हा धडा आंबेडकरी चळवळीने शंभर वर्षांपूर्वीच दिला. मग ज्यांना खरोखरच शब्द उच्चारता येत नाहीत, किंवा बौद्धिक अक्षमतेमुळे समजायला आणि सांगायला वेळ लागतो, त्यांच्या बाबतीत आपण तो धडा का विसरतो?

25 डिसेंबर 1927 रोजी महाडला जी मनुस्मृती जाळली, तिच्या नवव्या अध्यायात वारसाहक्कातून वगळायच्या माणसांची यादी आहे. जन्मांध, बहिरे, वेडे, जड बुद्धीचे, मुके यांना वाटा नाही. फक्त अन्नवस्त्र द्यावे. जगवावे, पण मालक होऊ देऊ नये! हा न्याय आपल्या ओळखीचाच आहे. ब्रिटिश न्यायालयांनीही हेच धर्मशास्त्र कायदा म्हणून चालवले. 1928 च्या कायद्याने बऱ्याच जणांची सुटका झाली, तरी जन्मतः वेडा किंवा जड ठरवलेला माणूस बाहेरच राहिला. हिंदू कोड बिल रखडवले म्हणून बाबासाहेबांनी 1951 मध्ये मंत्रिपद सोडले. त्या बिलाचे तुकडे करून पुढे जे कायदे झाले, त्यांपैकी 1956 च्या वारसा कायद्याच्या कलम 28 ने रोग, दोष किंवा व्यंग यांवरून वारसा नाकारणे बंद केले.

कागदावर वाटा मिळाला. पण 'हे माझे आहे', 'मी अंगठा देणार नाही' हे सांगायचे कसे?

याचे एक उत्तर टोरांटोत सापडले. नाझी छळछावणीतून सुटलेल्या चार्ल्स ब्लिस या ज्यू माणसाने जगासाठी एक चिन्हलिपी तयार केली होती. 1971 मध्ये शर्ली मॅकनॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सेरेब्रल पाल्सी असलेल्या, बोलू न शकणाऱ्या मुलांना दिली. मुले चिन्हे दाखवून वाक्ये जुळवू लागली. विचार आत होताच, साधन नव्हते. आज तोच फळा टॅबलेटवर आला आहे. चेन्नईत तयार झालेले 'आवाज' आणि आयआयटी मुंबईचे 'जेलो' या ॲपमध्ये चित्र दाबले की आवाज उमटतो. 'जेलो' मराठीतही आहे.

पण आम्ही विचारतो, त्या फळ्यावरचे शब्द कोण निवडतो? वस्तीतल्या मुलीच्या पडद्यावर 'जय भीम' आणि 'विहार' आहे का? 'नको' आहे का? 'मला मारले' आहे का? भूक, पाणी, शौच एवढीच चित्रे देणे म्हणजे पुन्हा अन्नवस्त्रावर बोळवण.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने संवादाच्या व्याख्येत सोपी भाषा आणि पर्यायी संवादसाधने घेतली. कलम 13 तर थेट घरात शिरते: ज्या व्यवहारात मदतनीसाचे हितसंबंध आड येतात, त्या व्यवहारात त्याने मदत करू नये. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवा वापरता येणे हा कलम 21 खालील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तिथे मुद्दा ॲसिड हल्ल्यातील पीडितांचा आणि दृष्टिहीनांचा होता. केवायसीसाठी डोळे मिचकावण्याची सक्ती त्यांना बाहेर ठेवत होती. पण ओटीपीची मुदत संपेपर्यंत ज्याला वाक्यच उमगत नाही, त्याचे काय?

वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला दिसते की घरात फोन एकच, आणि तो भावाच्या हातात. पेन्शनचा मेसेज त्याच्याकडे, पासवर्ड त्याच्याकडे, वडिलांच्या जागेची वाटणीही त्याच्याकडे. त्याची माया खोटी असते असे नाही. पण कलम 13 ज्याला दूर राहायला सांगते, नेमका तोच मदतनीस असतो.

मदत म्हणजे दुसऱ्याच्या वतीने बटण दाबणे नव्हे. एका वेळी एकच पायरी दाखवणे, चित्र लावणे, व्हॉइस मेसेज शिकवणे, प्रश्न विचारून गप्प बसणे आणि उत्तराची वाट पाहणे, ही मदत. त्यासाठी घराबाहेरचा प्रशिक्षित मदतनीस प्रत्येक वॉर्डात हवा, सरकारी ॲपमध्ये सोपी मराठी आणि पुरेसा वेळ हवा. शहरातल्या महागड्या थेरपिस्टवर हा हक्क सोडून चालणार नाही.

आपल्या विहारांतही संगणक वर्ग चालतात. त्यात या मुलांची खुर्ची कुठे आहे? दुसऱ्यांनी आपल्या वतीने बोलावे, हे आपण नाकारले. मग यांच्या वतीने बोलणे आपणही थांबवले पाहिजे.

जय भीम!