भूखंड घेताय? ‘आरएल’ पाहिला का?

नागपूरच्या वेशीवर शेतजमिनीत पाडलेल्या लेआऊटमध्ये भूखंड स्वस्त मिळतो. या स्वस्ताईचे कारण बहुधा कागदांत दडलेले असते. विक्रीपत्राची नोंदणी झाली म्हणजे लेआऊट अधिकृत झाला, असे नव्हे. गुंठेवारी कायदा २००१ चा. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला नियमितीकरणाची वाट मिळाली. शहरात नागपूर सुधार प्रन्यास देते ते नियमितीकरणाचे पत्र, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेला ‘आरएल’.

सौदाचिठ्ठी करण्यापूर्वी या पत्रावरील मौजा, खसरा व भूखंड क्रमांक, क्षेत्रफळ आणि चतुःसीमा विक्रीपत्राशी ताडून पाहाव्यात. विकास आराखड्यात तेथे रस्ता वा मैदानाचे आरक्षण तर नाही ना, हेही तपासावे. आरक्षित जागेवर घर बांधून बसलेल्यांची फरफट नागपूरकरांना नवी नाही. केवळ मुखत्यारपत्रावर व्यवहार करू नये. त्याने मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले.

विकणाऱ्यानेही फेरफार आणि विकास शुल्काच्या पावत्या आधीच जमवाव्यात. खरेदीदाराच्या बँकेने मागितल्यावर धावाधाव सुरू होते आणि तोवर इसाराची मुदत संपत आलेली असते.